इथं कुठला वन्समोअर

धारवाड मुक्काम
ता. ९ फेब्रुवारी १९११

आक्का,

तुझ्या पायावर डोकं, पण आज बसून चार ओळी धड लिहायला हात थाऱ्यावर न्हाईत. बातमीच तशी हाय. आमच्या नाटक मंडळीचे रंगोपंत गाणी भरायला मुंबईला निघालेत. कशात भरायची, तर तबकडीत! बेळगावात खडेबाजारात त्या दुकानात काळी ताटली आणि मोठा कर्णा बघून तू तोंडाला पदर लावलतास न्हवं, त्यात. साहेबाच्या कंपनीचा माणूस स्वतः आमच्या थेटरात आलता. पंत नायिकेच्या वेषात उभे राहून पद म्हणायला लागले आणि तो खुर्चीतनं अर्धा उठला.

आणि साथीला कोण? तबल्याला बेळगुंदीचा आण्णाप्पा, आणि पायपेटीला शहापूरच्या मागाच्या खड्ड्यातनं उठून आलेला तुझा भाऊ! मंडळीत माझ्यापेक्षा जुने दोघं पेटीवाले हाईत. पण पंत म्हणाले, भरमूचे पाय दमत न्हाईत. लहानपणापासनं मागाखाली पाय हलवलं, ते भाता मारायला असं कामाला आलं. आज आप्पा असते तर माझ्या पाठीत धपाटा घालून हसले असते.

आता कामाचं. वडगावला यल्लाप्पा मामांकडं जाऊन ये. त्यांच्या राजाबाईला दुसरं स्थळ सांगून आलंय असं आण्णाप्पाच्या कानावर आलं, तवापासनं माझा घास घशाखाली उतरत न्हाई. त्यांना सांग, पोरगा मुंबईला निघालाय, साहेबापुढं वाजवणार हाय. जरा मीठमसाला लावून सांग. तुला काय शिकवायचं.

तुझा भरमू


शहापूर
शिमग्याच्या आदल्या दिशी

भरमू,

शंभर वर्सं जग, आणि जरा सावकाश लिहीत जा. मागं कुत्रं लागल्यागत तुझं अक्षर पळतंय. तुझ्या दाजींनी पत्र एवढ्या मोठ्यानं वाचलं की गल्लीतले माग बंद पडले. जो तो विचारालाय, भरमू तबकडीत शिरणार म्हंजे नेमका कुठनं शिरणार.

वडगावला जाऊन आले. मीठ लावलं, मसाला लावला, वर फोडणी पण दिली. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून आतनं एक कागद आणला. मागं बेळगावला तुमचा खेळ झालता, त्याचं हँडबिल. त्यांना वाचता येत न्हाई, म्हणून राजाबाईला वाचायला लावलं. पंतांचं नाव हे एवढं मोठं. मालकाचं नाव हाय, पडदे रंगवणाऱ्याचं हाय. अरे, गॅसबत्त्या पुरवणाऱ्याचं सुदिक नाव हाय. तुझं न्हाई. वाचताना पोरीचा आवाज बारीक होत गेला.

मग मामा म्हणाले, "अंजने, मी जल्मभर लुगडी विणली. पुण्यात ती शेठच्या नावानं खपत्यात. नेसणारीला यल्लाप्पा कोण ते ठावं न्हाई. माझं गेलं तसं. पण पोरगी बिननावाच्या माणसाला देणार न्हाई. त्याचं नाव चारचौघात आलेलं मला दाव, मग हळदीचं बोलू."

मला राग यायला पाहिजे होता, पण आला न्हाई. माणूस खोटं बोलत नव्हता. पोरगी वीस वर्सांची झालीया, मागाला सुताच्या कांड्या भरायला दुसरं कोण न्हाई म्हणून मामांनीच लगीन लांबवलं, आणि आता लोक नावं ठेवत्यात. निपाणीकडचं स्थळ हाय ते खरं. दिवाळीपतोर कुणाला शब्द देत न्हाई, एवढं मी त्यांच्याकडनं काढून घेतलंय.

निघताना राजाबाई दारापतोर आली. पायपेटीवर पाय दोन्ही मारायचे असत्यात का एक, असं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. एवढंच बोलणं झालं, पण तुला कळवावं वाटलं.

आक्का


मुंबई
ता. २८ मार्च १९११

आक्का,

भरलं! गाणी भरली! कुठनं सांगायला घेऊ?

एका बंगल्याची खोली. भिंतींना जाजमं टांगलेली, खिडक्या बंद, घामाच्या धारा. समोर पडदा, आणि पडद्यातनं आलेला भला थोरला कर्णा. साहेब पडद्याआड. तिथं मेणाची जाड चकती फिरत असती, आवाज तिच्यावर कोरला जातो. मजा अशी की ती लगेच वाजवून बघता येत न्हाई, बघितली तर खराब होती. ती पेटीत घालून कलकत्त्याला जाणार, तिथनं तबकड्या छापून येणार. तवर आत काय भरलंय ते देवालाच ठावं.

कर्ण्याच्या उंचीला यावी म्हणून माझी पायपेटी टेबलावर चढवली, मला तसल्याच उंच बाकावर. आण्णाप्पाला पार कोपऱ्यात ढकललं, त्याच्या डग्ग्याच्या घुमाऱ्याला साहेब भितो. आणि पंत! थेटरात ज्यांच्या पदराला हात लावायची कुणाची छाती न्हाई, त्या पंतांची मान धरून साहेबाचा माणूस वरच्या सुराला मागं ओढायचा आणि खालच्या सुराला कर्ण्यात कोंबायचा. मी हसू दाबायला ओठ चावत होतो.

गाणं संपलं की शेवटी गाणाऱ्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, असा त्या कंपनीचा रिवाज हाय. कलकत्त्याच्या माणसांना मराठी येत न्हाई, मग कुठलं गाणं कुणाचं ते त्यावरनं कळतं. पंतांनी पहिल्या पदाला असं खणखणीत नाव सांगितलं की मला वाटलं आता टाळ्या पडत्यात.

आणि आक्का, तिथल्या कारकुनानं आमची पण नावं विचारून लिहून घेतली. माझं दोनदा विचारलं. मग छापणारच की! मामांना सांगून ठेव.

तिसऱ्या पदाचं भेटल्यावर सांगतो.

भरमू


शहापूर
पाडवा होऊन गेल्यावर

भरमू,

सांगितलं. वडगावात जाऊन मामांच्या ओट्यावर बसून, शेजारीपाजारी ऐकतील अशा बेतानं सांगितलं. तबकडीवर नाव येणार म्हटल्यावर म्हातारा पहिल्यांदा गालात हसला. म्हणाला, तबकडी बेळगावात आली की मला ने.

आता तू मला सांग. तिसऱ्या पदाचं काय झालं? एवढं भडाभडा बोलणारा माणूस तिथं आल्यावर गप्प कसा झाला? लहानपणी गूळ चोरून खाल्लास की असंच पालथ्या हातानं तोंड पुसून उभा राहायचास.

आक्का


मिरज
ता. ११ जून १९११

आक्का,

मधी पत्र न्हाई पाठवलं. पाठवायला तोंड नव्हतं.

तिसरं पद म्हंजे पंतांचं हुकमाचं पद. वेळ पुरणार न्हाई म्हणून पंत धाकानं पद पळवत सुटले, आणि चकतीवर जागा शिल्लक असतानाच गाणं संपलं. त्या गडबडीत नाव सांगायचं विसरले. साहेबानं पडद्यातनं हात काढला आणि बोट हवेत गोल फिरवलं. नाव सांग, अजून जागा हाय, असं त्याचं म्हणणं.

आता आमच्यात बोट गोल फिरवायचं म्हंजे काय? विंगेतनं मालक तसं बोट फिरवतात, की समजायचं, लोकांनी वन्समोअर मागितलाय, घ्या मुखडा परत. वर्षानुवर्षं ते बोट बघून हात चालल्यात. डोक्याला विचारायच्या आत हात पेटीवर पडले आणि मुखडा सुरू! आण्णाप्पा पण तसलाच, त्यानं समेला थाप दिली. पंत कर्ण्याकडंच तोंड ठेवून ओरडले, "अरे भरमू, इथं कुठला वन्समोअर!"

आणि चकती संपली.

साहेब हसत बाहेर आला, पंतांचा हात हलवला, गुड गुड म्हणाला. पंतांनी पुन्हा भरायला सांगितलं, पण मेणाच्या चकत्या मोजक्या असत्यात. साहेबाचा माणूस म्हणाला, काळजी नको, कलकत्त्यात शेवट कापून टाकतील. पण पंतांचा राग उतरला न्हाई. मिरजेला आल्यावर मला पेटीवरनं उठवलं. आता मी पडदे ओढतो, आक्का. पेटीवर धारवाडचा म्हातारा बसतोय. मी दोर धरून विंगेत उभा असतो, आणि माझे पाय आपोआप हलतात.

छापील नावाचंही खरं न्हाई. तो कारकून नावं लिहून घेत होता ते आमच्या जेवणासाठी, असं आण्णाप्पाला नंतर कळलं. मामांना काय सांगायचं ते तूच ठरव. मला सुचत न्हाई.

भरमू


शहापूर
गणपती बसायच्या आठवड्यात

भरमू,

माझं लेकरू, आधी डोळं पूस, आणि हे पत्र उभ्यानं वाच. बसून वाचायचं हे पत्र न्हवं.

तुझं मागलं पत्र मी कुणाला दाखवलं न्हाई. मामांना पण न्हाई. म्हटलं, पडदा पडायच्या आधी आपण कशाला उठायचं. परवा दाजी सांगत आले, खडेबाजारात पंतांच्या तबकड्या आल्या. मी मामांना घेऊन गेले. रेशीम बघायचंय म्हणून राजाबाई पण निघाली. बाजारात चार दुकानं मागं टाकली तरी तिला रेशीम दिसलं न्हाई.

दुकानात ही गर्दी! तबकडीवरचा कागद दाजींनी वाचला. पंतांचं नाव, कंपनीचं नाव. बस्स. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. ते चपला घालायला वळले आणि दुकानदारानं सुई टेकवली.

भरमू, ते तिसरंच पद होतं! गाणं संपलं. क्षणभर नुसती खरखर. आणि मग तुझी पेटी वाजली रे! मुखडा उचललेला, आण्णाप्पाची थाप, आणि पंतांचा आवाज, जसा माझ्या कानात बोलावा तसा, "अरे भरमू, इथं कुठला वन्समोअर!"

कुणी काही कापलेलं न्हाई. मराठी न कळणाऱ्या माणसांनी ते पंतांचं नावच समजून छापून टाकलंय! दुकान असं हसलं की रस्त्यावरचे टांगे थांबले. परत लाव, परत लाव. मी रडत होते का हसत होते, मला ठावं न्हाई. ओरडून सांगितलं, माझा भाऊ हाय तो! राजाबाईनं पदरात तोंड खुपसलं, खांदे मात्र गदागदा हलत होते.

आता कडू घोट पण सांगते. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, नाव आलं खरं, पण शिव्या खाताना आलं. चोराचं नाव पण चावडीवर घेत्यात. मी भांडले, दाजी भांडले, म्हातारा हलला न्हाई. पण दिवाळीचा शब्द त्यांनी मोडलेला न्हाई. तू पेटीवर परत बस, भरमू. कसा बसतोस ते तू बघ.

आक्का


निपाणी
ता. ८ ऑक्टोबर १९११

आक्का,

तू म्हणालीस ते इथं निपाणीत उतू चाललंय! तंबाखूवाल्या शेठांच्या घराघरात ती तबकडी हाय. परवा पंतांचं पद संपलं, आणि पिटातल्या लोकांतनं वन्समोअर कुणी म्हणेना. सगळे ओरडले, "भरमू! भरमू!" पेटीवरचा धारवाडचा म्हातारा घाबरून उठून उभा राहिला. मी विंगेत दोर धरून. हसू दाबता दाबता पडदा हातभर खाली आला.

पंतांचा जीव जळतोय, आणि आक्का, मी त्यांना दोष देत न्हाई. पद त्यांचं, घसा त्यांचा, अंगावर शालू त्यांच्या, आणि लोक नाव घेणार पेटीवाल्याचं. पण खेळाचा ठेका घेणाऱ्या शेठांनी हट्ट धरला, गुरुवारी बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला पेटीवर भरमूच पाहिजे. गावागावची माणसं येणार.

पंतांनी मला बोलावून सांगितलं. गुरुवारी बस. पदाला वन्समोअर पडला तर पेटी तुझी. न्हाई पडला तर शहापूरची वाट धर. आणि तुझं नाव घेऊन कोण ओरडला तर खेळ तिथंच बंद करीन, तसं मी पडद्यापुढं येऊन लोकांना सांगणार हाय.

देवीला माझ्या नावानं ओटी भर. पाय तयार हाईत.

भरमू


गडहिंग्लज
ता. १६ ऑक्टोबर १९११

आक्का,

पेटी माझी! आधी हे घे, मग बाकीचं.

गुरुवारी थेटरात मुंगी शिरायला जागा नव्हती. पंत पडद्यापुढं आले आणि खरंच सांगितलं, कुणा साथीदाराचं नाव घेऊन आरडाओरड झाली तर पडदा पाडीन, पैसे परत मिळणार न्हाईत. लोक चिडीचूप. मी पिटाकडं पाठ करून बसलेला, मानेवरनं घाम.

पद आलं. आक्का, मी तसं कधी वाजवलं नव्हतं. पंतांनी तान घेतली की मी खाली हात धरावा, त्यांनी श्वास घेतला की मी जागा भरावी. त्यांच्या पण ध्यानात आलं, गाता गाता एकदा माझ्याकडं बघून मान हलवली. पद संपलं.

आणि कोण बोलेना! आक्का, कोण म्हंजे कोण बोलेना. लोक एवढे भ्यालेले की वन्समोअर म्हणायला पण जीभ उचलंना. मी पेटीवरनं हात काढले. म्हटलं, संपलं, शहापूर.

तेवढ्यात माझ्या मागनं, पार शेवटच्या बांबूच्या तट्ट्यापासनं एक आवाज आला. खरखरीत, फाटका, जल्मात कधी गाणं म्हटलं नसंल असला. "भरमू! परत वाजीव!"

मग थेटर फुटलं. सगळे उभे, पागोटी वर, भरमू, भरमू! मी डोळे मिटले, आता पडदा पडणार. पडला न्हाई, म्हणून उघडले. पंत तसेच उभे होते. माझ्याकडं बघितलं, आणि बोट वर करून हवेत गोल फिरवलं. मी मुखडा उचलला. माझ्या डोळ्यातनं पाणी पेटीवर पडत होतं आणि पाय वाऱ्यागत चालले होते.

तो पहिला माणूस कोण, मला कळलं न्हाई. खेळ संपल्यावर शोधला, सापडला न्हाई. आण्णाप्पा म्हणतो तंबाखूचा दलाल असणार, असला घसा दलालाचाच. भेटला तर मी त्याचे पाय धरीन.

पण एक काळजी तशीच हाय. दिवाळी तोंडावर आली. हे निपाणीचं सगळं मामांनी कुठं बघितलंय? मी त्यांना काय दाखवू?

भरमू


शहापूर
वसुबारसेच्या आदल्या दिशी

भरमू,

पाय धरायचेच असतील तर वडगावला ये. तो दलाल न्हवं, यल्लाप्पा मामा होते.

तुला कळवलं न्हाई, कारण आम्ही आलोय म्हटल्यावर तुझं ध्यान आमच्याकडंच राहिलं असतं. दिवाळीची लुगडी घेऊन मामा निपाणीच्या बाजाराला निघालेच होते. गाडीत मी चढले, दाजी चढले, घडी घालायला कोणतरी पाहिजे म्हणून राजाबाई चढली. दुपारी मामांना थेटरात न्यायला दाजींना पार हातापाया पडावं लागलं. आम्ही दोघी बायकांच्या बाजूला चिकाच्या पडद्यामागं बसलो.

पंत पडद्यापुढं येऊन बोलले, तवा मामांचं तोंड मी बघत होते. लालबुंद झालं. ते काय पुटपुटले ते दाजींनी मला नंतर सांगितलं, "का म्हणून घ्यायचं न्हाई नाव?" तू वाजवायला लागलास आणि हळूहळू म्हाताऱ्याची मान डुलायला लागली. पद संपलं, सगळे गप्प, तसं त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि म्हातारा बाकावर उभाच राहिला रे! दाजी धोतर धरून खाली ओढतात, आणि हा बेंबीच्या देठापासनं ओरडतोय. राजाबाईनं माझं मनगट असं दाबलं की अजून काळंनिळं हाय. चिकातनं तुझी नुसती पाठ दिसत होती, पण तिनं तेवढीच पोटभर बघितली.

संगतीच्या गाड्या लगेच परतीला सुटल्या, म्हणून तुला भेटता आलं न्हाई. संकेश्वरच्या मुक्कामाला मी धीर करून विचारलं, मामा, असं कसं ओरडलासा? ते म्हणाले, "माल मनासारखा उतरला तर विणणाऱ्याचं नाव घ्यायला कुणाची जीभ झडती व्हय? एवढी माणसं बसली हुती, एकानं तरी घ्यायला नगं?" आणि बैलांना वैरण टाकायला उठले.

वडगावची वेस आली तसे मामा गाडीतनं उतरले, बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत उभे राहिले. राजाबाईला पुढं घरी पाठवलं. ती लांब गेलेली बघून मला विचारलं, "अंजने, तुळशीचं लगीन झाल्यावर पंत आमच्या जावयाला किती दिस सोडतील?"

तर पंतांना विचार आणि उलट टपालानं कळव.

आक्का